सीमाभागात बदली झालीय? आधी इथल्या हवेचं पंचांग समजून घ्या

बँकेत, शाळेत, सरकारी दवाखान्यात नाहीतर साखर कारखान्यात नोकरी लागून दरवर्षी बरीच मंडळी महाराष्ट्राला लागून असलेल्या कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, संकेश्वर, रायबाग, अथणी, खानापूर या भागात राहायला येतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची समजूत ठरलेली असते: मोकळं रान आहे, हवा चांगलीच असणार. जून ते सप्टेंबर ती असतेही. मग दिवाळी होते, गळीत हंगाम, म्हणजे कारखान्यात उसाचं गाळप, सुरू होतो. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी धाकटं पोर खोकायला लागतं, गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काळे तंतू दिसतात. घरमालकाला विचारावं तर तो म्हणतो, "कारखाना चालू झालाय न्हवं, असंच असतंय."

ते खरंच आहे. पण कधी, कुठल्या बाजूला आणि किती वाजता असं असतं, हे कळलं तर निम्मा त्रास वाचतो. इथली हवा पिकाच्या वेळापत्रकाने बदलते आणि एका दिवसातही तासातासाला बदलते. दिल्लीसारखा कहर इथे होत नाही. इथे पाच-सहा महिने थोडं थोडं चालू राहतं, म्हणून कोणी ते फारसं मनावर घेत नाही. खाली जे सांगतोय ते निपाणी-चिकोडी पट्ट्याला जास्त लागू आहे. खानापूरच्या पश्चिमेकडचं रान आणि अथणीचा कोरडा भाग यांचं गणित थोडं वेगळं, ते ओघात येईल.

१. घर ठरवण्याआधी धुराडं शोधा

भाड्याचं घर बघायला लोक रविवारी दुपारी जातात. दुपारी इथलं प्रत्येक घर चांगलंच वाटतं. ऊन तापलेलं असतं, वारा सुटलेला असतो, धूर वर निघून जातो. घर बघायचं ते सकाळी सातला किंवा दिवेलागणीला.

गच्चीवर जा आणि चहूकडे बघा. साखर कारखान्याचं धुराडं कुठे दिसतं? गुऱ्हाळ किती लांब आहे? वीटभट्टी, खडी क्रशर, तंबाखूची वखार? आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर कुठल्या रस्त्याने जातात? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कच्च्या साइडपट्टीवरून दिवसरात्र गेले की त्या रस्त्याकडेच्या घरात सकाळी झाडलेली फरशी संध्याकाळी पायाला कचकचते.

आता वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, पण तेव्हा कारखाने बंद असतात. गाळप चालू असतं त्या थंडीच्या महिन्यांत सकाळचा वारा साधारणपणे पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. म्हणजे धुराड्याच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला असलेल्या वस्तीवर धूर जास्त जातो, पूर्वेकडची घरं त्यातल्या त्यात सुटतात. मार्चपासून दुपारी वारा फिरतो आणि पश्चिमेचा जोर वाढतो. नदीकाठ, टेकडी, खोलगट भाग असेल तर हा हिशोब बदलतो, त्यामुळे धुराची शेपूट कुठे वळतेय ते डोळ्यांनी बघून घ्या.

शेजारच्या बाईंना एकच प्रश्न विचारा: "काकू, कारखाना चालू असताना गच्चीवर पापड-सांडगे घालता काय?" उत्तर "छे, काजळी पडती की वो" असं आलं, तर दुसरं घर बघा. कुठल्याही यंत्रापेक्षा मला हा प्रश्न खात्रीचा वाटतो.

२. वर्षाचा फेरा ओळखा

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन आणि भुईमूग निघतात. रस्त्याकडेला, खळ्यावर, कधी थेट डांबरी रस्त्यावरच मळणी चालते. मळणी मशीनच्या तोंडातून उडणारं भुसकट नाकाडोळ्यांत जातं, अंगाला खाज सुटते. याच सुमारास पडीक जागी, गटाराकडेला गाजर गवत फुलून पांढरं झालेलं असतं. इथे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. शिंका, डोळे चुरचुरणं, हातावर पुरळ यांमागे बऱ्याचदा तेच असतं. घराभोवतीचं गवत फुलायच्या आधी, पाऊस चालू असतानाच उपटून टाकावं. हातमोजे घालून.

ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, धुराडी पेटतात, ते मार्चपर्यंत. या काळात तीन प्रकारचा धूर असतो आणि तिघांची वागणूक वेगळी.

पहिला कारखान्याचा. बॉयलरमध्ये रस काढून उरलेलं उसाचं चिपाड जळतं, त्याची हलकी काळी राख कित्येक किलोमीटरवर येऊन पडते. हीच ती शर्टावरची काजळी. बोटाने पुसू नका. चिरडली की डाग पडतो आणि मग तो निघत नाही. कपडा नुसता झटकायचा, हवं तर फुंकर मारायची, मग धुवायचा. काजळी डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिलाच घाबरतात. पण एवढा मोठा कण नाकातच अडकतो. छातीत खोल उतरतो तो न दिसणारा कण, २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढा.

दुसरा गुऱ्हाळाचा. इथे धुराडं बुटकं, त्यामुळे धूर लांब न जाता आसपासच रेंगाळतो. चुलवाणात वाळलेलं चिपाड घातलं तर धूर पातळ असतो, ओलं घातलं की पांढरा दाट लोट उठतो. गुळाचा वास कितीही गोड आला तरी गुऱ्हाळापासून चार-पाचशे मीटरच्या आत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घर घेऊ नये असं माझं मत.

तिसरा फडाचा, म्हणजे उसाच्या रानाचा, आणि सगळ्यात त्रासदायक हाच. ऊस तुटून गेला की वाडं, म्हणजे हिरवे शेंडे, जनावरांना जातं आणि पाचट, म्हणजे वाळलेला पाला, रानात राहतं, हेक्टरी ८ ते १० टन. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, पाणी सोडायचं असतं, पाचटात पाय घालायला साप-उंदरांची भीती, मजूर मिळत नाही. मग काडी ओढली जाते. फड पेटतो तेव्हा कडकडाट होतो, ज्वाळा माणसाच्या दुप्पट उंच जातात आणि थोड्या वेळात सगळं आटोपल्यासारखं वाटतं. पण बांधालगतचं ओलसर पाचट रात्रभर धुमसत राहतं. धूर त्या धुमसण्याचाच जास्त.

पंजाबात भाताचं काड जळतं म्हणून आपल्याकडेही भातच जळत असेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातलं भाताचं पिंजर मात्र वैरण म्हणून जपून गंजी लावून ठेवतात. ते कोणी जाळत नाही.

जानेवारीनंतर निपाणी भागात तंबाखू. पानं रानात उन्हावर वाळतात, मग माल वखारीत येतो, चाळला जातो आणि खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, उडतो. वखारीच्या गल्लीतून पहिल्यांदा जाणाऱ्याला ठसका लागतोच. शेजारघरी विड्या वळत असतील तर थोडा खकाणा तुमच्या खिडकीतूनही येणार. नाक मुरडून बोलू नका. या पिकावर इथली किती घरं उभी राहिली आणि त्याच्या भावासाठी १९८१ साली निपाणीत केवढं आंदोलन झालं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. त्या बाजूची खिडकी दुपारी बंद ठेवायची, झालं.

मार्च ते मे धुळीचे. नांगरलेली काळी रानं, वावटळी, वीटभट्ट्या, क्रशर. अथणी, रायबागकडे पाऊस मुळात कमी, त्यामुळे तिथे धूळ जास्त. खानापूरकडे जंगलात वणवे लागतात. शिमग्याची एक रात्र धुराची धराच. एप्रिलपासून वळीव येतो, पण सरीच्या आधी दहा मिनिटं जो वारा सुटतो तो अख्ख्या शिवाराचा धुरळा घरात आणून टाकतो. आभाळ काळवंडलं की आधी खिडक्या, मग कपडे.

जूनमध्ये पाऊस लागला की हवा धुऊन निघते. खानापूर, बेळगावकडे मग दुसरी डोकेदुखी: भिंतींना ओल, कपाटामागे बुरशी. दम्याच्या माणसाला बुरशीही धुराइतकीच बाधते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा.

३. दिवसातल्या वेळा ठरवा

थंडीत रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड, ती वर चढत नाही, मग धूरही त्या झाकणाखाली अडकून राहतो. ऊन चढलं की झाकण उघडतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी सहा-सातपासून सकाळी नऊपर्यंतची हवा म्हणूनच सर्वात वाईट, आणि दुपारी बारा ते चारची सर्वात बरी.

त्यात भर पडते दोन गोष्टींची. फड शक्यतो वारा पडल्यावर पेटवतात, म्हणजे आग शेजारच्या उभ्या उसात जात नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच, पण वारा पडलेला म्हणून धूर तिथेच बसतो. आणि पहाटे प्रत्येक घरामागे न्हाणीची चूल नाहीतर बंब पेटतो. त्यात चिपाड, करवंट्या, शेंगांची टरफलं जातात तोवर ठीक, पण पेटवण म्हणून दुधाची पिशवी आणि तुटकी चप्पलही जाते. सकाळी सहाला गल्लीतला जो कडवट वास घशाला लागतो तो त्याचा.

तेव्हा थंडीत पहाटे फिरायला जायची शहरी सवय इथे सोडा. फिरणं दुपारी चार-साडेचारला. मुलांचा खेळही अंधार पडायच्या आत संपवा. खिडक्या सकाळी दहानंतर सताड उघडायच्या आणि दिवेलागणीला लावायच्या.

धुकं की धूर, हा गोंधळ नवख्याचा होतो. इथे दोन्हीला सरसकट धुई म्हणतात, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्रच असतात. धुकं पांढरं, गार, बिनवासाचं. धुराचा पट्टा निळसर-करडा आणि सपाट, लांबच्या टेकडीसमोर पट्टी ओढल्यासारखा दिसतो. धुक्याच्या सकाळी दम्याच्या माणसाने घरातच थांबावं, कारण आत धूर मिसळलेला आहे की नाही हे नाकालाही नीट कळत नाही.

४. मोबाइलवरचा आकडा कितपत मानायचा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर नावाचं अ‍ॅप आहे. त्यावर जवळचं म्हणून बेळगाव शहराचं केंद्र दिसेल. निपाणी तिथून ७०-७५ किलोमीटर, अथणी त्याहून कितीतरी लांब. बेळगावच्या आकड्यावरून तुमच्या गल्लीतली हवा कळणार नाही. इतर खासगी अ‍ॅपवर निपाणीच्या नावाने आकडा येतो, पण गावात यंत्र नसेल तर तो उपग्रह आणि गणितावरून काढलेला अंदाज असतो.

तरी आकड्याची भाषा माहीत असावी. भारतीय निर्देशांकात ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. २.५ मायक्रॉनच्या कणांसाठी आपल्याकडची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचवली. म्हणून अ‍ॅपवर हिरवा रंग दिसला तरी लहान मूल खोकू शकतं. शिवाय हा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर असतो. संध्याकाळच्या तीन तासांचा धूर त्या सरासरीत विरघळून जातो.

आगी दाखवणारा नासाचा फर्म्स नावाचा मोफत नकाशाही आहे. मोठ्या आगी त्यावर दिसतात. पण त्यातले सर्वात बारकाईने टिपणारे उपग्रह इथून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात, त्यामुळे संध्याकाळी सातला पेटून नऊला विझलेला फड नकाशावर येईलच असं नाही. घरात छोटं मापक यंत्र घेतलं असेल तर एक लक्षात ठेवा: दाट धुक्यात ते आकडा वाढवून दाखवतं, कारण पाण्याचे थेंबही त्याला कणच वाटतात.

५. घरातला धूर आधी आवरा

बाहेरच्या धुराला शिव्या घालत खिडक्या बंद करायच्या आणि आत मच्छर कॉइल लावायची, हे घरोघरी चालतं. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले होते. कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप खिडकी उघडी असतानाच. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा.

झाडूने धूळ खाली बसत नाही, उडते. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, फर्निचरही. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीच्या फटीत जाडसर पट्टी लावली तर रात्रीचा धूर बराच अडतो. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं, आणि एकाच खोलीसाठी, जिथे मूल किंवा आजारी माणूस झोपतो तिथे. अख्ख्या घरासाठी घेणं म्हणजे पैसे उडवणं.

६. मास्क

रुमाल, ओढणी, पदर यांनी धूळ आणि भुसकट अडतं, धूर अडत नाही. ओला रुमालही तसाच. धुरासाठी एन-९५, तोही नाकावर घट्ट बसणारा.

७. दमा असेल तर ऑक्टोबरातच डॉक्टर गाठा

त्रास सुरू झाल्यावर नव्हे, गाळपाच्या आधी. रोज घ्यायचा प्रतिबंधक इनहेलर वेगळा आणि धाप लागल्यावर घ्यायचा वेगळा, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, लिहून घ्या. इनहेलरची सवय लागते हा समज इथेही घट्ट आहे. सवय लागत नाही. मुलांना स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, लावून द्यावा.

लहान गावातल्या औषध दुकानात तुमचाच इनहेलर असेल असं धरून चालू नका, एक जास्तीचा जवळ ठेवा. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका बऱ्याचदा कन्नडभाषक असतात. मराठी पुष्कळ जणींना कळतं, पण घाईच्या वेळी "उसिराटद तोंदरे" म्हणजे श्वासाचा त्रास आणि "केम्मु" म्हणजे खोकला, एवढं आलं तरी वेळ वाचतो.

एका दमात वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत जात असेल, तर घरगुती काढा करत बसू नका. १०८ ला फोन करा.

८. बोलणं आणि तक्रार

शेजारच्या शेतकऱ्याशी भांडून फड जळायचा थांबत नाही. त्याला आधी कळवायला मात्र सांगता येतं. "मामा, पेटवायच्या आदल्या दिवशी एक फोन करा, घरात बारकं पोर आहे." बहुतेक जण "व्हय, सांगतो की" म्हणतात आणि खरंच सांगतात. त्या रात्री मुलाला दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे झोपवता येतं. ओळख वाढली की पुढचं बोलावं: पाचट एकाआड एक सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारं जिवाणू कल्चर टाकलं तर ते रानातच कुजतं, पाण्याची पाळीही लांबते. तुम्ही बँकेचे साहेब म्हणून सांगाल तर कोणी ऐकणार नाही. हे करून बघितलेला शेतकरी जवळपासच्या गावात सापडतो, त्याच्याशी गाठ घालून द्या.

कचरा जाळण्याची गोष्ट वेगळी. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली, दंड ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. खेड्यात ग्रामपंचायतीकडे जा. महाराष्ट्रात ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी) असतो तसा इथे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. शहरात नगरपालिकेकडे.

कारखाना, वीटभट्टी, क्रशर यांची तक्रार कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागाच्या कार्यालयात करायची. अर्ज कन्नडमध्ये असेल तर लवकर हलतो, तो लिहून देणारा कोणीतरी गल्लीत असतोच. तारीख, वेळ, वारा कुठून होता आणि फोटो जोडा. नुसतं "फार धूर येतो" लिहिलं की कागद फाइलीत जातो. अर्ज देण्याआधी धुराडं कुठल्या राज्यात आहे तेवढं बघून घ्या. निपाणीच्या वरच्या अंगाला कागल तालुका लागतो, आणि तिथलं धुराडं असेल तर इकडचं कार्यालय हात वर करणार. मग तोच अर्ज मराठीत लिहून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात द्यायचा. दोन्हीकडे दिला तरी हरकत नाही, पोच मात्र दोन्हीकडून घ्या.